मागे फिरणारा ठिपका

१

वॉचमनने दार लावून घेतलं होतं, असं कम्प्युटर म्हणत होता. वॉचमन म्हणत होता, लावलं नव्हतं. सगळ्या शहराने कम्प्युटरवर विश्वास ठेवला. कम्प्युटरला स्वतःची मान वाचवायची नव्हती, वॉचमनला होती.

कापडबाजाराच्या इमारतीला आग लागली तेव्हा एकोणीस माणसं जिन्यात मेली. जाळाने नाही, धुराने आणि एकमेकांच्या ओझ्याने. त्यांत वॉचमनची बायकोही होती. ती वरच्या मजल्यावर काज-बटणांचं काम करायची. जिना खाली दोन कवाडांच्या एका दारात उतरत होता. बंबवाल्यांनी आत शिरायला ते दार चौकटीसकट उखडलं, त्यामुळे पाहण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही. वाचलेल्यांना विचारलं तर निम्मे म्हणाले दार पूर्ण उघडं होतं, निम्म्यांना आठवत नव्हतं. धुरात जीव घेऊन पळताना दाराकडे कोण बघतो?

मग गर्दी कशी हलते ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेने कम्प्युटरवरचं आपलं मॉडेल चालवलं. हा जिना पास केला होता तो याच प्रयोगशाळेने. मॉडेल म्हणालं, दोन्ही कवाडं उघडी असती तर धूर भरण्याआधी सगळे बाहेर पडले असते. एक कवाड बंद असेल तर साधारण तेवढेच मरतात जेवढे मेले. संध्याकाळच्या पेपरात ते चित्रासकट छापून आलं आणि वॉचमनला कोठडीत टाकलं.

चौकशी आयोगाने मला बोलावलं. विमा कंपनीसाठी आगींचा तपास करण्यात माझं आयुष्य गेलं आहे. मी खडूस आहे असं माझी सून म्हणते आणि ती सहसा खोटं बोलत नाही. मी प्रयोगशाळेला एवढंच कळवलं की मॉडेल राहू द्या, ते ज्या प्रयोगांवर उभं आहे त्यांचे व्हिडिओ दाखवा. त्यांनी मोठ्या अगत्याने मला सामानाच्या खोलीत नेलं, कपाट उघडलं आणि वर चिठ्ठ्या चिकटवलेले डबे टेबलावर मांडले.

डबे सगळे होते. आत एकही डिस्क नव्हती.

२

"नियमच आहे तसा," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. त्यांना सगळे 'सर' म्हणत. इस्त्रीचा शर्ट, आवाजात साखर. "प्रयोगाला येणाऱ्या स्वयंसेवकांचे चेहरे आम्ही ठेवत नाही. व्हिडिओवरून प्रत्येकाचा मार्ग काढला की मूळ रेकॉर्डिंग नष्ट करतो. चोरी नाही झाली मॅडम, काळजी नसावी."

"मग रिकामे डबे कशाला जपून ठेवलेत?"

त्यांनी हसून डबे पुन्हा कपाटात ठेवले.

त्यांनी मला प्रयोगाचा हॉल दाखवला. मधोमध प्लायवूडचा जिना उभा होता, कापडबाजारातल्या जिन्याच्या मापाचा, वळणासकट. छताला कॅमेरे. लोकांना रंगीत टोप्या घालून वरून खाली पळवायचं, कॅमेऱ्याने टोप्या टिपायच्या, आणि प्रत्येक टोपीचा एक ठिपका करायचा. मी जिन्यावरून उतरताना वळणावरच्या जाड लाकडी खांबाला खांदा सडकून आपटला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"लागलं का?" सर म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता अभिमानाने खांबावर हात ठेवला. "हा आमच्या सावधपणाचा पुरावा आहे. पहिल्या अर्ध्या प्रयोगांत एक वयस्कर बाई इथे पडल्या. आम्ही लगोलग आधाराला खांब बसवला आणि मगच उरलेले प्रयोग केले. बाजाराच्या जिन्यातही तो बसवायला लावला."

प्रयोग आखणाऱ्या बाई जिन्याखाली उभ्या होत्या. त्यांना सगळे प्रयोगबाई म्हणत. केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजूनमापून. त्यांनी मला पद्धत समजावली. अर्धे प्रयोग मॉडेल बनवणाऱ्याला द्यायचे, त्यावरून त्याने ठिपक्यांचे नियम बसवायचे. उरलेले अर्धे त्याच्यापासून लपवून, कुलपात ठेवायचे. मॉडेल तयार झालं की त्या लपवलेल्या अर्ध्यांवर त्याची परीक्षा घ्यायची.

"म्हणजे पेपर फुटायला नको," मी म्हणाले.

"अगदी तसंच. आणि स्वयंसेवकही मी पारखून घेते. एका खेपेत एकमेकांच्या ओळखीची दोन माणसं चालत नाहीत. माणूस एकटा कसा वागतो ते आधी कळलं पाहिजे, नाहीतर सगळीच भेसळ."

त्या हे असं म्हणाल्या, जणू दूध गाळावं तसं माणसांनाही गाळता येतं. मला ते तेव्हाच खटकलं, पण का खटकलं ते सांगता आलं नसतं.

"आणि कुलपाची किल्ली?"

"फक्त माझ्याकडे," प्रयोगबाई म्हणाल्या.

३

कोठडीत वॉचमन भिंतीला टेकून बसला होता. मोठ्या हाडाचा माणूस, पण कपडे त्याला ढगळ झाले होते.

"ताई, दोन्ही कवाडं उघडी होती," तो म्हणाला. "सकाळी मीच आकड्यांना अडकवली. बाजार चालू असताना मी कधी दार लोटत नाही. आग दिसली तशी मी मागच्या आवारात नळाकडे धावलो, पाईप जोडायला. वाटलं, ही तर तरणीताठी आहे, उतरेल पटकन."

"तुम्ही आवारात आहात हे तिला माहीत होतं?"

"नाही. ती मला नेहमी वरच्या गोदामाच्या दाराशी बघायची. दुपारी मी तिथेच असतो, त्या दिवशी तेवढा खाली होतो."

त्याने तळहात पॅंटीला पुसले.

"मेहुण्याने भर आवारात कॉलर धरली माझी. ते समजू शकतो मी, त्याची बहीण गेली. पण लेक पण येत नाही. एकदाच आली. पेपरातलं ते चित्र दाखवलं मला, ठिपक्यांचं. म्हणाली, बाबा, हे बघ, मशीनला काय तुझ्याशी वैर आहे? मी काय बोलणार? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"वकील काय म्हणतो?"

"म्हणतो, चुकून लावलं असं कबूल कर, शिक्षा कमी होईल." तो माझ्याकडे बघत राहिला. "शिक्षेचं काय ते होऊ दे. पण कबूल केलं तर लेकीच्या लेखी आईला मीच मारलं ना?"

बाहेर पडले तेव्हा मला भयंकर राग आला होता. कुणाचा, ते अजून ठरत नव्हतं.

४

मॉडेल बनवणाऱ्या तरुणाला प्रयोगशाळेत 'ठिपके' म्हणत. नखं कुरतडलेली, डोळे सुजलेले. त्याने पडद्यावर कापडबाजाराचा जिना उघडला. दाराच्या एका कवाडावर टिचकी मारली, ते मिटलं, आणि वळणावर ठिपके तुंबून काळे पडू लागले. काळा म्हणजे मेलेला.

"पुरे," मी म्हणाले. "परीक्षेतले ठिपके दाखव. ते कुलपातले."

त्याने ते लावले. रंगीत ठिपके वळण घेऊन खाली सरकत होते. शेजारी त्याच्या मॉडेलचे ठिपके. दोन्हीकडचा बाहेर पडायचा वेळ जवळपास तंतोतंत जुळत होता.

"इतकं जुळतं का कधी?"

"मलाही नवल वाटलं होतं, मॅडम. माणसांच्या प्रयोगात थोडाफार गोंधळ असतोच. पण चांगले मार्क पडल्यावर कोण पेपर परत तपासायला मागतं?"

"तुझ्या ठिपक्यांना नियम काय?"

"दाराकडे चालायचं. पुढच्याला धडकायचं नाही. जागा असेल तर वेग वाढवायचा. एवढंच."

"आणि मागे फिरायचं?"

तो गोंधळला. "मागे कशाला फिरतील? आग मागे आहे."

"तुझी आई घरी असते का रे?"

"असते."

"ती वरच्या मजल्यावर राहिली, तू खाली पोचलास, तर?"

त्याने पडद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "प्रयोगात कुणीच मागे फिरलं नाही," तो हळूच म्हणाला. "मला दिलेल्या एकाही खेपेत नाही. फिरलं असतं तर मी नियम घातला असता."

५

कापडबाजारातल्या एका दुकानाची मालकीण तिच्या भावाच्या घरी होती. दोन्ही हातांना पट्ट्या. भावजय तिला चमच्याने भरवत होती, मला बघून उठून आत गेली.

"सगळ्यांनी मला दाराचंच विचारलं, मावशी," ती म्हणाली. "दार आठवत नाही मला. मी तर दोनदा दारातून गेले."

"दोनदा?"

"एकदा बाहेर. मग कळलं सासूबाई मागे राहिल्या. आमचं पटत नव्हतं, सगळ्या बाजाराला माहीत आहे. पण पाय आपोआप वळले. परत आत शिरले, वर चढायला लागले, समोरून सगळे अंगावर येत होते. वळणापाशी अडकले. हे हात तेव्हाचे, कठडा तापला होता. मला कुणीतरी ओढून खाली आणलं. सासूबाई नाही वाचल्या."

"तुमच्यासारखं आणखी कुणी वर जात होतं?"

"होते ना. एक बाप पोराला हाका मारत होता. शेजारच्या दुकानदाराचा भाऊ होता. आणि माझ्या अगदी पुढे वॉचमनची बायको."

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला.

"ती वर जात होती? नक्की?"

"ती पूर्ण बाहेर आली होती, मावशी. पुढच्या आवारात उभी राहून आजूबाजूला बघितलं तिने. 'हे कुठे दिसत नाहीत, वर गोदामापाशीच असतील' असं म्हणाली आणि आत पळाली. तिला बघूनच मला धीर आला, म्हणून मी गेले." तिने पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले. "हे मला कुणी विचारलंच नाही."

रस्त्यावर आल्यावर मी बराच वेळ एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. वॉचमन सुटण्याची वाट आता दिसत होती. पण ती जिथून जात होती ते त्याला सांगणं मला जमेल की नाही, याची खात्री नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी मी ठिपकेला पुन्हा कुलपातल्या खेपा लावायला सांगितल्या. या वेळी मी घड्याळ बघितलं नाही, वळण बघितलं.

"थांबव. हा हिरवा ठिपका कुठून गेला?"

"वळणावरून. आतल्या बाजूने."

"परवा तिथूनच जाताना माझा खांदा काळानिळा झाला. हा त्यातून आरपार कसा गेला?"

त्याने चित्र मोठं केलं. हिरवा ठिपका खांबाच्या जागेवरून गेला होता. निळाही. मागून तांबडा. खांब नव्हताच जणू. पण सरांनी मला स्वतः सांगितलं होतं की लपवलेले प्रयोग खांब बसवल्यानंतरचे आहेत.

ठिपकेने खुर्ची मागे सरकवली. "ही माणसं नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत. हे मॉडेल आहे. मॉडेलची परीक्षा मॉडेलकडूनच घेतलेली आहे. आता प्रश्न एवढाच, की कुणी."

"मॅडम, मी नाही."

"माहीत आहे. तुझ्या मॉडेलमध्ये खांब आहे का?"

"आहे. बसवला त्याच दिवशी मला घालायला लावला."

"मग तू खोटे ठिपके बनवले असतेस तर ते खांबाला वळसा घालून गेले असते. सरांना साधा प्रिंटर चालवता येत नाही, काल माझ्यासमोर त्यांनी शिपायाला हाक मारली. बिनखांबाचं मॉडेल कुणाकडे आहे?"

तो नख कुरतडू लागला. तेच उत्तर होतं, पण मला ते शब्दांत हवं होतं.

"प्रयोग आखायला आधी कच्चं मॉडेल लागतं," तो शेवटी म्हणाला. "किती माणसं बोलवायची, कॅमेरे कुठे लावायचे, ते ठरवायला. ती प्रत मी खांब बसवण्याआधीच प्रयोगबाईंना दिली होती. पण त्यांनी असं केलं नसणार. मला हे काम त्यांनीच शिकवलं."

"ताडून बघता येईल?"

"येईल." त्याने कीबोर्ड जवळ ओढला. "मॉडेलमधली नशिबाची फेकाफेक, म्हणजे कुठला ठिपका कधी कुठे वळेल ते, एका आकड्यापासून सुरू होते. आकडा तोच दिला तर गर्दी अगदी तशीच्या तशी पुन्हा चालते. त्या कायम एकच आकडा देतात. म्हणतात, जे पुन्हा करून दाखवता येत नाही तो प्रयोगच नव्हे."

त्याने कच्ची प्रत काढली, तो आकडा दिला, आणि नवे ठिपके कुलपातल्या ठिपक्यांवर ठेवले. ते सगळे एकमेकांवर चपखल बसले, एकही बाहेर डोकावत नव्हता.

ठिपकेने चष्मा काढला आणि तोंड दोन्ही हातांत धरलं.

७

सरांच्या खोलीत मी तिघांनाही बसवलं. सरांनी आधी हात वर केले. आपल्याला यातलं काही माहीत नाही, विश्वासाने सह्या केल्या, वगैरे. मी त्यांना बोलू दिलं. प्रयोगबाईंनी मात्र मी चित्र पुढे ठेवताच एकदाच बघितलं आणि मान हलवली.

"खांब," त्या म्हणाल्या. "खांब विसरले मी."

"का केलंत?"

"त्या बाई पडल्या आणि लोक यायचे बंद झाले. दुसऱ्या अर्ध्यासाठी एकही स्वयंसेवक मिळेना. सर म्हणाले, तारीख टळली तर बाजारवाले दुसरीकडे जातील, काहीतरी करून आणा. त्यांनी कसं ते विचारलं नाही. मला वाटलं, माणसं तरी वेगळं काय करणार आहेत?"

सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

"ती बाई पडली कशी?" मी विचारलं.

त्यांनी समोरचं चित्र उलटं करून ठेवलं. मी थांबले. मला घाई नव्हती, वॉचमनला होती, पण हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

"त्या दोघी बहिणी होत्या," त्या म्हणाल्या. "आपली ओळख नाही असं सांगून एकाच खेपेत आल्या. माझा नियम मोडला. शिट्टी झाली, रेटारेटी झाली, थोरलीला वळणावर कळलं की धाकटी मागे आहे. ती उलटी फिरली. सगळा जिना तुंबला, ती पडली, कंबर मोडली. मी ती खेप बाद केली. बिघडलेला प्रयोग म्हणून."

"दार तेव्हा किती उघडं होतं?"

"पूर्ण."

ठिपकेने मान वर केली.

"बाई, ती एकच खरी खेप होती," तो म्हणाला. "बाकी सगळ्यात तुम्ही माणसं सुटी करून घेतलीत. बाजारात कोण सुटं असतं?"

प्रयोगबाई माझ्याकडे वळल्या. त्या मला म्हणाल्या, "ती खेप आहे माझ्याकडे. टाकाऊ म्हणून वेगळी ठेवलेली. व्हिडिओसुद्धा पुसला नाही. खोटा डेटा बनवला मी, पण खरा डेटा पुसणं मला आयुष्यात कधी जमलं नाही."

"आणि वॉचमन कोठडीत गेला तेव्हा?"

"रोज वाटायचं, उद्या सांगू." त्यांचा आवाज प्रथमच फाटला. "मग पेपरात आलं, त्याच्या लेकीने तोंड फिरवलं म्हणून. त्यानंतर तर तोंड उघडायची लाजच वाटायला लागली."

मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं.

ठिपकेने त्या दुपारी मॉडेलला नवा नियम दिला. काही ठिपक्यांना मागे कुणीतरी आपलं आहे, आणि ते न दिसल्यास वळायचं. दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी ठेवली. मूठभर ठिपके दारापर्यंत येऊन उलटे फिरले आणि जिना वळणापासून वर काळा पडत गेला. एकाही कवाडाला हात न लावता माणसं मेली. ठिपके उठून बाहेर गेला, त्याला पुढचं बघवेना.

८

अहवाल आयोगाकडे जाण्याआधी मी कोठडीत गेले. हे त्याला पेपरातून कळू नये असं मला वाटत होतं.

आधी चांगलं सांगितलं. दार उघडं होतं हे सिद्ध होईल, तुम्ही सुटाल. तो रडला नाही, हसलाही नाही. नुसता "बरं" म्हणाला. मग दुकानाच्या मालकिणीने सांगितलं ते मी सगळं सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

तो म्हणाला, "ती बाहेर आली होती."

"हो."

"आवारात?"

"हो. तुम्ही मागच्या बाजूला होता."

"भिंतीपलीकडे," तो म्हणाला. "मी भिंतीपलीकडे होतो, ताई. नळाचा चक्का घट्ट बसला होता, त्याला शिव्या घालत होतो मी. जरा मोठ्याने घातल्या असत्या तर तिला ऐकू गेल्या असत्या."

त्या गोंगाटात काहीच ऐकू आलं नसतं, असं मी म्हणाले. त्याने ते कानाआड केलं.

"तिचं नाव त्या कागदातून काढता येईल का? दार उघडं होतं, एवढंच लिहा."

"नाही काढता येणार. ती मागे फिरली, हाच पुरावा आहे. ती काढली तर ते पुन्हा म्हणतील तुम्ही दार लावलं."

 बाहेर कुणीतरी बादली आपटत होतं. मी वाट बघितली. त्याने कबूल केलं नसतं तर मी काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही.

"लेक वाचेल ते?"

"छापून येईल. वाचेल."

"माझं ऐकत नाही ती. छापलेलं ऐकते." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मग लिहा. पण नुसतं वर गेली असं नका लिहू. नवऱ्याला शोधायला गेली, असं लिहा. रोज भांडायचो आम्ही, लेकीला वाटतं आमच्यात काही राहिलं नव्हतं. मलाही तसंच वाटत होतं."

अहवालाच्या भाषेत कारणं लिहीत नाहीत, घटना लिहितात. आयोगाच्या कारकुनाने ते वाक्य खोडून अहवाल मला परत पाठवला. मी ते वाक्य पुन्हा लिहिलं आणि छापून येईपर्यंत त्याच्या टेबलासमोरून उठले नाही.